शून्याच्या पोटातलं चिन्ह

सिद्रामप्पा हत्तुरेंचा मेसेज आला की बाळीवेशीतल्या आमच्या गल्लीत बायका आधी गॅस बंद करायच्या आणि मग चष्मा शोधायच्या. वाचायची घाई नसायची, कारण कोणीतरी गेलंय एवढं उघडायच्या आधीच कळायचं. सगळ्यात वर तीन आडव्या रेघा, ≡, कपाळावरच्या विभूतीच्या. त्याखाली नाव, त्याखाली गाव, त्याखाली अंत्ययात्रेची वेळ. एक शब्द जास्तीचा नाही, गुलाबाचं फूल नाही, जोडलेले हात नाहीत.

गल्ली बहुतेक लिंगायतांची. मी एकटी माने. इथं राहून एकतीस वर्षं झाली तरी काही घरांत मी अजून 'त्या गणिताच्या बाई'च आहे. या लोकांत माणूस गेलं की त्याला बसवून, विभूती लावून, त्याच दिवशी मातीत देतात. अक्कलकोटहून, बार्शीहून पाव्हणे यायचे असतात, त्यांना एसटी गाठायची असते. म्हणून निरोप तासाभरात गेला पाहिजे आणि त्यातली वेळ चुकता कामा नये. समाजाचा दोनशे बारा माणसांचा ग्रुप आहे. त्यावर हा निरोप लिहायचं काम सिद्रामप्पांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं होतं. लोक तोंडावर 'अण्णा, लई चांगलं लिवता' म्हणायचे आणि पाठीमागे त्यांना यमाचा कारकून म्हणायचे. त्यांना दोन्ही माहीत होतं.

लिहिणं त्यांच्या हाडात होतं. चौतीस वर्षं त्यांनी प्रेसमध्ये शिशाचे खिळे जुळवले. एकेका अक्षराचा एकेक खिळा, ज्याच्या त्याच्या खणात ठेवलेला, आणि न बघता हात बरोबर त्या खणात जायचा. त्याच प्रेसमध्ये गुरुशांत कलशेट्टी छपाईच्या मशीनवर होते. हे जुळवायचे, ते छापायचे. मशीन सुरू करण्याआधी गुरुशांत एक कागद काढायचे, खिडकीच्या उजेडात उभं राहून डोळे बारीक करून वाचायचे आणि चूक सापडली की कागद आणून सिद्रामप्पांच्या पुढ्यात आपटायचे. "गुरुशांतनं बघितल्याबिगर माझं एक अक्षर भाईर गेलेलं न्हाय," हे वाक्य मी सिद्रामप्पांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. पुढं प्रेस बंद पडला, खिळे वजनावर भंगारात गेले. मैत्री तेवढी उरली. रोज सकाळी दोघं गुरुशांतांच्या कट्ट्यावर बसून एकच पेपर दोघांत वाचायचे आणि छपाईतल्या चुका काढून वार्ताहरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

सिद्रामप्पांच्या मुलीनं पुण्याहून फोन पाठवला, तेव्हा त्यांना अडुसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. फोन घेऊन ते माझ्याकडे आले. शिकवणं हा माझा धंदा, पण इतका हट्टी विद्यार्थी मी बघितला नव्हता. अक्षरं त्यांनी आठवड्यात उरकली. अडलं ते चिन्हांपाशी. "बाई, एवढा म्हाग फोन आन् ह्यात निम्मे खिळेच न्हायत की," ते म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, खिळे आहेत, पण पोटात आहेत. बटण दाबून सोडायचं नाही, धरून ठेवायचं. मग वर छोटी पेटी उघडते. बोट न उचलता सरकवायचं आणि हव्या त्या चिन्हावर नेऊन सोडायचं."

त्या दिवसापासून ते प्रत्येक बटण दाबून धरत सुटले. एकाच्या पोटात ½ सापडला तेव्हा मला कट्ट्यावरून हाक मारून दाखवला. चांदणीच्या पोटात क्रूस सापडला. तो त्यांनी जपून ठेवला आणि दवाखान्यातली एक म्हातारी नर्स वारली तेव्हा तिच्या निरोपावर न विसरता लावला. विभूतीच्या रेघा मात्र कुठल्याच पोटात निघेनात. त्या माझ्यामुळे मिळाल्या. दोन्ही बाजू कायम सारख्याच आहेत असं सांगणारं ≡ हे चिन्ह मी वर्गाला पाठवायच्या गणितात लिहिलं होतं. ते त्यांनी माझ्या फोनमध्ये बघितलं आणि हात जोडले. मग मी त्यांच्या कीबोर्डात ते साठवून दिलं.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली. साखरेच्या आजारानं त्यांची बोटांची टोकं बधिर झाली होती. बोट काचेवर टेकलंय की उचललंय, हे त्यांना नुसत्या स्पर्शानं समजत नसे. पेटी उघडली की ते बोट उचलायचे, आणि उचललं की पेटी मिटायची. मी शंभरदा सांगितलं, त्यांनी शंभरदा मान डोलावली.

यंदा मार्चात गुरुशांतांचे डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दानम्माला, त्यांच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, दोन-तीन आठवडे धरा. दानम्मानं पदर तोंडात कोंबून ऐकलं आणि बाहेर येऊन तिथं थांबलेल्या सिद्रामप्पांकडून आणि माझ्याकडून शपथ घेतली. गुरुशांतांचा बाप याच दुखण्यानं गेला होता आणि कळल्यावर त्यानं अन्न सोडलं होतं. "ह्यांना कळता कामा न्हाय," दानम्मा म्हणाली. "कावीळ म्हणायची. जातील तवा जातील, पर भिऊन जायचं न्हाय."

हे खोटं सगळ्यात इमानानं सिद्रामप्पांनी सांभाळलं. रोज नऊला ते दवाखान्यात जायचे, खाटेशेजारी बसून पेपर वाचून दाखवायचे आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे बेत करायचे. बाहेर आले की जिन्यात भिंतीला धरून उभे राहायचे. मला त्यांचं नवल वाटायचं. चौतीस वर्षं ज्या माणसानं त्यांची एकही चूक सोडली नाही, त्याच्याच तोंडावर ते बिनचूक खोटं बोलत होते.

एका मंगळवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, आता दिवस नाहीत, तासच मोजा. सिद्रामप्पा घरी आले आणि कट्ट्यावर निरोप लिहायला बसले. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि प्रेसमधल्या कुणालाच वाटलं नसतं. गावात मोठं माणूस आजारी पडलं की मजकूर आधीच जुळवायचा, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवायचा, आणि वेळेच्या जागी एक खिळा उलटा लावायचा, म्हणजे तिथं काळा ठिपका उमटतो आणि काहीतरी भरायचंय हे विसरता येत नाही. बांधलेला मजकूर महिनाभर पडून राहिला तरी कोणाचं काही बिघडत नाही. माणूस बरा झाला तर दोरा सोडायचा आणि खिळे परत खणात टाकायचे.

त्यांनी तो ग्रुपच्याच मेसेजच्या चौकटीत लिहिला. दुसरीकडे लिहून उचलून आणणं त्यांच्या बोटांना जमत नसे, आणि चौकटीत लिहिलेलं पाठवेपर्यंत तसंच राहतं हे त्यांना ठाऊक होतं. रेघा झाल्या, नाव झालं. 'लिंगैक्य झाले' झालं. 'अंत्ययात्रा राहत्या घरापासून' झालं. मग वेळेच्या जागी उलटा खिळा हवा. त्यासाठी त्यांनी शून्याच्या पोटातलं ∅ हे चिन्ह धरलं होतं. गणितात आम्ही ते रिकाम्या संचासाठी वापरतो, हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलेलं. शून्याचं बटण उजव्या टोकाला असतं आणि त्याच्या बरोबर वर पाठवायचा हिरवा बाण. त्यांनी शून्य धरलं. पेटी उघडली. त्यांनी बोट उचललं, पेटी मिटली, आणि पेटी होती तिथं त्यांनी पुन्हा बोट टेकवलं.

ते अनवाणी माझ्या दारात आले. नुसता फोन पुढं केला. मी वाचलं. निरोप ग्रुपवर गेला होता. गुरुशांत त्या ग्रुपात होते. त्यांचा फोन त्यांच्या उशाशी असायचा.

"पुसता येतं का बाई?"

"येतं," मी म्हटलं. पण पुसण्याआधी मी तो मेसेज धरून ठेवला आणि कोणी कोणी वाचला त्याची यादी उघडली. ती उघडायला नको होती असं मला आजही वाटतं. अठरा नावं होती. चौथं नाव गुरुशांत कलशेट्टी, दहा वाजून बेचाळीस मिनिटं.

"गुरुशांतनं?" सिद्रामप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. चष्मा घरीच राहिला होता, फोनवरचं त्यांना काही दिसत नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "त्यांनी उघडलेला नाही." आणि मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला.

ते माझ्या उंबऱ्यावर खाली बसले आणि पोरासारखे रडले. मी पाणी दिलं. मनातून त्यांचा संताप येत होता, त्या बधिर बोटांचा येत होता, आणि ती चिन्हं त्यांना शिकवणाऱ्या शहाण्या बाईचा सगळ्यात जास्त येत होता. खोटं बोलल्याचं मात्र तेव्हा काही वाटलं नाही. दया केली अशीच माझी समजूत होती.

दुपारपर्यंत काय व्हायचं ते झालंच. दोघंजण हार घेऊन गुरुशांतांच्या कुलूप लावलेल्या घरापाशी येऊन गेले. दवाखान्यात दानम्माचा फोन वाजत राहिला. ती औषधं आणायला खाली गेली होती, वर येऊन बघते तर गुरुशांत खिडकीकडे तोंड करून पडलेले. तिनं सिद्रामप्पांना काही बोल लावला नाही. मला फोन करून एवढंच विचारलं, "ह्यांनी बघितलं का वो?" मी तिलाही नाही म्हटलं. एकदा म्हटलेलं तसंच म्हणत राहावं लागतं.

संध्याकाळी मी सिद्रामप्पांना घेऊन दवाखान्यात गेले. एकट्याला त्यांना जिना चढवेना. गुरुशांतांचं तोंड हळदीसारखं झालं होतं, पण शुद्ध पक्की होती. आम्ही बसल्यावर त्यांनीच विषय काढला.

"सिद्राम, गड्ड्याला कुठल्या दिशी जायचं? गर्दीच्या दिशी नको बाबा, माजे पाय न्हाय चालत आता."

सिद्रामप्पांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "तू म्हनशील त्या दिशी," ते म्हणाले, आणि दोघं बराच वेळ बोलत बसले. कुठली भजी खायची, पाळण्यात बसायचं की नाही, सगळं ठरलं. मध्येच गुरुशांतांनी एकदा माझ्याकडे बघितलं. प्रेसच्या खिडकीत कागद वाचतानाचे ते बारीक केलेले डोळे मी कधी पाहिले नव्हते, पण ते असेच असणार. त्यांनी वाचलंय हे त्यांनी मला सांगितलं आणि सिद्रामला सांगू नका हेही सांगितलं, एक शब्द न बोलता.

परतताना रिक्षात सिद्रामप्पा म्हणाले, "बाई, तुमी व्हता म्हणून वाचलो. त्येनं ते वाचलं असतं तर मी ह्या हातानं पुन्हा कायबी लिवलं नसतं."

डॉक्टरांचे तास लांबले. गुरुशांत शनिवारी सकाळी नऊला गेले. घरी आणून त्यांना भिंतीशी बसवलं, विभूती लावली, गळ्यात हार घातला. विधी करणाऱ्या स्वामींना बोलावणं गेलं. सिद्रामप्पा उंबऱ्याजवळ फोन घेऊन बसले. मित्र काही न कळता, जत्रेचे बेत करत गेला, हा एक आधार त्यांना होता आणि त्याच आधारावर ते लिहीत होते. या वेळी मी शेजारी उभी होते. रेघा झाल्या. नाव झालं. एकेक ओळ त्यांनी मला वाचून दाखवली.

मग त्यांनी आत बघून विचारलं, "दानम्मा, वेळ किती टाकू?"

दानम्मा नवऱ्याच्या पायाशी बसली होती. पाच दिवसांत तिनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. काय बोलावं, काय लपवावं, याचं भान तिला उरलं नसावं. तिनं मान वर केली नाही.

"पाच," ती म्हणाली. "त्यांनीच सांगून ठिवलंय. उनं कलल्यावर न्या म्हणाले, लोकांना तरास नको. सिद्रामनं समदं बराबर लिवलंय, निस्ती वेळच राहिलीया, तेवढी त्येला सांग म्हणाले."

बाहेर कोणीतरी खुर्च्या मांडत होतं. सिद्रामप्पांनी पाच लिहिलं. मग फोन हातात तसाच धरून त्यांनी गुरुशांतांकडे बघितलं. उठले, माझ्यासमोर आले.

"यादी तुमी वाचली होती की, बाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि आत जाऊन मित्राशेजारी भिंतीला टेकून बसले.

बाण मी दाबला.