ती ओवी कुणाची

गिरणीत ज्वारीच्या गरम पिठाचा वास आला, की बेळगावातली ती खोली आठवते. नामांकित लेखक अण्णा तिथं अंथरुणाला खिळले होते. पूर्वी ते आमच्या गावी, बेळगुंदीला, आमच्या घरी जेवायचे, आईच्या जात्याशी बसून ओव्या ऐकायचे. मी गावातला पहिला बी.ए.; ऐटीत आईला त्यांच्या भेटीला नेलं.

"आलास, शंकर?" ते म्हणाले.

उशाशी कुणीतरी त्यांची गाजलेली कविता म्हणू लागलं. आई हरखली. "आगं बया, ही तर माझी ओवी! अण्णा, तुमीच लिवून घेतलीसा न्हवं?"

त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं.

"ही बाई कोण?"

त्याच आठवड्यात ते गेले. आजारात ओळख राहत नाही, अशी मी आईची समजूत घातली.

"व्हय रं," ती म्हणाली, "पर तुला नावानं हाक मारली की."