आर्डिस झ्वायफल आणि नाक मुरडणारी माणसं

आर्डिस चिडली की तिच्या सुरीचा आवाज बदलायचा. एरवी ती चीज कापायची तेव्हा कानावर काहीच यायचं नाही. पण शनिवारी दुपारी फळीवर टकटक ऐकू आली, की मी वजनकाट्यामागून न बघताही ओळखायचो, कुणीतरी परत लसणाचं क्रॅकर-बिस्किट मागितलंय.

आमचं दुकान अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दक्षिणेला, हायवेच्या कडेला. शनिवारी शिकागोकडून गाड्या येतात आणि लोक चवीच्या टेबलाभोवती जमतात. पाच चीज, दोन वाइन, दोन बिअर, क्रॅकर. हे टेबल आर्डिसनं एकोणीस वर्षं सांभाळलं. तिचे वडील आणि आजोबा दोघंही चीजच्या कारखान्यातले. नवरा दुधाचा टँकर चालवायचा, तो गेल्यापासून ती एकटीच. वय एकसष्ट, पण नाक असं तल्लख की एक तुकडा हुंगून सांगायची, गाय कुरणात चरत होती की गोठ्यात मुरघास खात होती.

तिचे नियम ठरलेले. चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढायचं. सौम्य आधी, उग्र शेवटी. क्रॅकर साधा, बिनचवीचा. "क्रॅकर म्हणजे ताट," ती म्हणायची. "ताटाला कुणी फोडणी घालतं का?" आणि वाइनपेक्षा तिचा कल बिअरकडे. बिअरचे बुडबुडे जिभेवरचं लोणी धुऊन काढतात, मग दुसरा घास पहिल्यासारखाच लागतो, असं ती येईल त्याला समजावायची.

दोन वर्षांपूर्वी ट्रेंट मॅनेजर म्हणून आला. पोरगा वाईट नव्हता, पण चीज त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यानं एका वाइनरीशी बोलणी केली, टेबलावर त्यांची लाल वाइन सगळ्यात पुढे आली. लसूण आणि रोझमेरीचे क्रॅकर फुकट मिळाले, तेही आले. वर आर्डिसच्या हातात छापील कार्डं ठेवली.

"जर्दाळूचा गंध, जुन्या चामड्याची आठवण," तिनं मोठ्यानं वाचलं. "ट्रेंट, तू चामडं कधी खाल्लंयस?"

"आर्डिस, लोकांना गोष्ट हवी असते हो."

"लोकांना चीज हवं असतं. या लसणानंतर त्यांच्या तोंडात साबण दिला तरी कळणार नाही."

"तुम्ही फक्त वाचा ना. प्लीज."

ती वाचायची, पण अशा आवाजात, की जणू कोर्टात जबानी देतेय.

खरं भांडण मात्र ब्रिक नावाच्या चीजवरून होतं. ब्रिक म्हणजे वीट. दही साच्यात घातल्यावर वर खऱ्या विटा ठेवून पाणी काढतात, म्हणून हे नाव. मग पुढे कित्येक दिवस मिठाच्या पाण्यानं ते पुसत राहायचं, तेव्हा त्यावर केशरी पापुद्रा धरतो आणि वास सुटतो. वास मोज्यांसारखा, हे आर्डिसही नाकारायची नाही. पण राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावावर, मोहरीची चटणी आणि कांद्याच्या कापासोबत, वर गडद बिअर, असं खाल्लं की माणूस गप्प बसतो. या पद्धतीनं ब्रिक करणारा आमच्या भागात एकटा ऑर्विल गेम्पलर उरला होता. आर्डिसच्या थोरल्या भावाचा शाळासोबती, वय अडुसष्ट.

ट्रेंट म्हणाला, "गिऱ्हाईक नाक मुरडतं. सप्टेंबरात शिकागोच्या दुकानांचे खरेदीदार येतायत. त्यांनी ब्रिक घेतलं तर ठेवू, नाहीतर काउंटरवरून काढू."

तो अख्खा उन्हाळा आर्डिसनं ब्रिकसाठी घालवला. एका माणसानं विचारलं, "हे खराब झालंय का?" लग्नाआधीची मजा करायला आलेल्या सात मुलींनी नाकं दाबून फोटो काढले आणि चीज तसंच बशीत ठेवून गेल्या. एकानं तिचं न ऐकता त्यावर लाल वाइन घेतली आणि तोंड वाकडं केलं. "सांगितलं होतं ना, लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणून!" ती ओरडली. त्यानं ट्रेंटकडे तक्रार केली. ट्रेंट आल्यापासून रोज संध्याकाळी ती ऑर्विलला फोन करायची, "आज दोघांनी घेतलं. तू धीर सोडू नकोस."

खरेदीदारांच्या दिवशी तिनं कार्डं खिशात घातली आणि लसणाचे क्रॅकर टेबलाखाली ढकलले. घरी भाजलेल्या राय पावाचे पातळ काप मांडले. सकाळी आठपासून ब्रिक बाहेर काढून ठेवलं होतं. मिसेस कॅलाहन नावाच्या बाई आल्या, शिकागोतल्या तीसेक दुकानांचा माल त्या ठरवायच्या. आर्डिसनं एक घास बनवून त्यांच्या हातात दिला, बिअरचा ग्लास पुढे सरकवला आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

बाईंनी डोळे मिटले. सावकाश चावलं. बिअरचा घोट घेतला. "अरे वा," त्या म्हणाल्या, "हे फारच छान आहे!"

आर्डिसनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कोणाची आहे ही मोहरीची चटणी?" बाईंनी विचारलं.

"चीज, मॅडम," आर्डिस म्हणाली. "चीज कसं वाटलं?"

"चीज जरा उग्र आहे हो. पण ही चटणी म्हणजे कमाल!"

चटणी आमच्याच दुकानात बरण्यांत विकायला ठेवलेली होती. बाईंनी ती सगळ्या दुकानांसाठी मागवली, ब्रिक मात्र घेतलं नाही. ट्रेंट आनंदानं येऊन तिच्या खांद्यावर थाप मारून गेला, "आर्डिस, तुम्ही जादू केलीत!" ती आत गेली आणि भांडी धुवायच्या मोरीवर दोन्ही हात टेकून बराच वेळ उभी राहिली.

रविवारी दुपारी ती ऑर्विलला सांगायला निघाली. तिची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी घेऊन गेलो. वाटभर ती शब्द जुळवत होती. ऑर्विल कारखान्याच्या पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. तिनं सगळं सांगितलं, चटणीसकट.

त्यानं सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई."

"बरं झालं?"

"अगं, मी दोन वर्षांपूर्वीच बंद करणार होतो. गुडघे गेलेत माझे. त्या ओल्या फरशीवर उभंच राहवत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? रोज संध्याकाळी तुझा फोन. धीर सोडू नकोस, धीर सोडू नकोस! तू एवढी भांडतेयस म्हटल्यावर मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"मी दोन वर्षं त्या पोराची बोलणी खाल्ली, ऑर्विल!"

"आणि मी दोन वर्षं पहाटे चारला उठलो, तुझ्यासाठी!"

दोघं इतक्या मोठ्यानं ओरडली, की कुंपणापलीकडच्या गाई मान वर करून बघायला लागल्या. मग आर्डिस खाली बसली. म्हणाली, "मला शिकव. मी चीज बनवायच्या परवान्याची परीक्षा देते."

ऑर्विलनं मलमाचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "दुधाच्या टाक्या विकल्या गं. बिअर करणारी दोन पोरं आहेत, त्यांनी घेतल्या. पुढच्या महिन्यात उचलतील."

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती. दोन्हीकडे मका पिवळा पडला होता. गावाची पाटी आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मला राग नेमका कुणावर आलाय, तेच कळत नाहीये."

ऑर्विलनं केलेलं शेवटचं ब्रिक नाताळच्या सुमारास मुरलं. काउंटरवर त्याला जागा नव्हती. आर्डिसनं सगळं घरी नेलं आणि ज्याला वासाचं वावडं नाही अशा प्रत्येकाच्या दारात स्वतः नेऊन दिलं. चवीचं टेबल तिनं सोडलं. आता ती ताज्या चीजचे दाणे विकतात त्या खिडकीत असते. ते दाताखाली करकरतात, मुलांना आवडतात, त्यांच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

फेब्रुवारीत ट्रेंटनं तिला टेबलावर परत बोलावलं. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईला कार्डापलीकडचं काही सांगता येत नव्हतं. आर्डिस म्हणाली, "येते. पण माणसाला पहिला घास नुसता खाऊ द्यायचा. वाइन नाही, बिअर नाही, बडबड नाही."

"बडबड नाही तर टेबलावर तुम्ही कशाला?" ट्रेंटनं विचारलं. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

ती खिडकीत परत गेली. ऑर्विलच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून दर मंगळवारी तीच त्याला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन जाते. त्यानं मला सांगितलं, ती वाटेत एक अक्षर बोलत नाही, रेडिओही लावू देत नाही, पण एकही मंगळवार चुकवत नाही.