परत न आलेली चाकांची खुर्ची

पोरांनो, तुम्ही तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी संस्था काढताय आणि फोनवर माझा सल्ला मागितलात. समोर असतात तर जेवता जेवता सांगितला असता. तुम्ही येईपर्यंत थांबवत नाही, म्हणून लिहून पाठवते. मंगरूळपीरला ठाणेदार असताना घडलेलं हे प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

आजाऱ्यांना चाकांची खुर्ची, पलंग वापरायला देणारं एक केंद्र तिथं होतं. एका सकाळी हजेरी आटोपली आणि केंद्राच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका, ठाण्यात आल्या. एका टेलरनं आईसाठी नेलेली खुर्ची आई वारल्यावरही परत केली नव्हती.

"गुन्हा दाखल करा, नाहीतर मी केंद्रच बंद करते," बाई म्हणाल्या.

मी आधी चौकशी लावली. दुपारी खबर मिळाली की खुर्ची एका शेतकऱ्याच्या अंगणात आहे. टेलरला बोलावलं, बाईही पुन्हा आल्या.

"विकली?"

"नाई."

"मग तिथं कशी गेली?"

तो खाली बघत राहिला. खोटं बोलणारा फार बोलतो. गप्प बसणारा बऱ्याचदा दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो. मी बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, चहा मागवला आणि त्याच्या आईबद्दल विचारलं.

"अम्मी गेली, म्याडम. पण खुर्ची देताना मांगं केंद्राचा बॅनर लावून बाईनं काढलेला तिचा फोटू अजून लोकायच्या मोबाइलात फिरून राह्यला. जिंदगीभर कोणापुढं हात नाई पसरला तिनं."

"आणि तो शेतकरी?"

"काकाचा पाय गेला. पोरीच्या सोयरिकीचं चालू हाय. मले म्हणे, खुर्ची पायजे, फोटू नको. मंग देऊन टाकली."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. "अहो, पण दात्यांना काय दाखवू?"

"खुर्चीचा काढा ना फोटू. तिले कायची लाज?"

बाई खाली बसल्या. त्यांनी मोबाइल काढला. "तुमच्या आईचा फोटो आत्ता पुसते. सगळ्यांनाही पुसायला सांगते."

टेलर घाईनं उठला. "थांबा, बाई! अम्मीचा तेवढाच एक हाय. बॅनर कापून मले पाठवा, मंग पुसा."

बाईंनी तसंच केलं. तक्रारही मागं घेतली.

देताना घेणाऱ्याचा चेहरा मागू नका, पोरांनो. आणि वस्तू परत आली नाही, तर चोर शोधण्याआधी ती कुणाच्या कामी येतेय ते जाऊन बघा. मी वर्दीत हे शिकले. बाई आता नाहीत. केंद्राच्या पायरीवर त्यांच्याशी होणाऱ्या संध्याकाळच्या गप्पा फार आठवतात.

केंद्र आजही सुरू आहे.