वळणावरचे दोन हॉर्न

गुरुवारची गोष्ट. कुरकुंभहून ड्युटी संपवून खुटबावला घरी आले, तर आबा काळ्या स्क्रीनसमोर स्टिअरिंग धरून बसलेले… "गाडी घाटात आन् समदं बंद," म्हणाले. घरात लाईट होती, इंटरनेट होतं, फक्त गेम नव्हता.

आबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म ट्रकनं पाटसच्या कारखान्यावर ऊस वाहिला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ट्रक सुटला आणि माणूस अंगणात खुर्ची टाकून नुसता दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसायला लागला. मग माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टीम टाकली, टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळलं आणि ट्रक चालवायचा गेम लावून दिला.

मला तेव्हापासूनच संशय. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, पास झालेलं सॅम्पलही परत बघायची खोड… ती घरी आल्यावर काही गेटवर ठेवता येत नाही.

इतकी चांगली सिस्टीम फुकट कशी? वर तिचा कोड म्हणे जगाला उघडा, कुणीही वाचावा. म्हणजे घराला कुलूपच नाही की! संदीप म्हणाला, सगळ्यांच्या नजरेखाली असतं म्हणूनच लपूनछपून काही करता येत नाही. मला काही ते पटलं नाही.

त्यात कळलं की गेम आमच्या कॉम्प्युटरवर नाहीच. त्या डबड्यात तेवढी ताकद नाही म्हणे. गेम दुसरीकडच्या दणकट कॉम्प्युटरवर चालतो, इथं फक्त चित्र येतं आणि आबांनी स्टिअरिंग फिरवलं की ते तिकडं पोचतं. तिकडं म्हणजे कुणाकडं, असं विचारलं की उत्तर एकच… "अगं, क्लाउड!"

आणि मग ते हॉर्न सुरू झाले. आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर वळण, आणि गेममधला हॉर्न आपोआप वाजायचा. दोन बारके, लागोपाठ. मी मुद्दाम मागं उभी राहून आबांची बोटं बघितली. ती हललीसुद्धा नव्हती.

आपल्या कॉम्प्युटरमध्ये कुणाचा तरी हात आहे, असं मी संदीपला स्पष्ट सांगितलं. तो हसला, पण जरा जास्तच लवकर हसला. मी बँकेचे पासवर्ड बदलले, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आबांची मात्र काहीच तक्रार नाही… "वाजू दे की," म्हणायचे आणि सावरून बसायचे.

तर गुरुवारी. संदीप अंगणात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला आणि आत येऊन सहज म्हणाला, "तिकडं लाईट गेलीय, येईल तासाभरात."

"अहो, क्लाउडची लाईट जाते?"

त्याचा चेहरा पडला. मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं. बायकोच्या मनात जे यायचं ते सगळं तेवढ्यात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू… "कोण आहे ती?" मी विचारलं.

"वैशूताई," तो म्हणाला.

वैशूताई त्याची मोठी बहीण, शिरूरला असते. तिनं बौद्ध घरात लग्न केलं म्हणून आबांनी तिचं नाव टाकलेलं. भावकीत मान खाली गेली म्हणे. घरात तिचा विषय निघत नाही, माझीही तिच्याशी ओळख फक्त चोरून केलेल्या फोनवरची.

गेम तिच्या घरातल्या कॉम्प्युटरवर चालत होता. इथं आबा ट्रक चालवायचे, शिरूरला ती तोच रस्ता बघत बसायची आणि वळण आलं की तिच्या कीबोर्डवरून हॉर्न द्यायची. "आबांना कळलं तर हे सगळं उकिरड्यावर जाईल," संदीपनं हातच जोडले. आबांचा ट्रक जाईल, आणि तिचे आबा दुसऱ्यांदा जातील.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "रेश्मा, भाईर या. दोघं बी."

आबा अजून स्टिअरिंग धरूनच होते. "तिला फोन लावा. म्हणावं, आपला जुना इन्व्हर्टर पडलाय हितं, त्यो घिऊन जा. लाईट गेली की माझी गाडी घाटात आडकती."

"कुणाला, आबा?" संदीपनं तरी विचारून बघितलं.

"येडा समजतो व्हय मला? लहान व्हती तवा ट्रकात माझ्या शेजारी बसायची. वळणाला हॉर्न द्यायचं काम तिचं. दोन बारकं." मग त्यांनी स्टिअरिंग सोडलं. "न्हाईतर ऱ्हाऊ द्या. बॅटरी जड आसती. आपणच जाऊ."

रविवारी न्हावऱ्यावरून शिरूरला निघालो. आबा पुढं संदीपशेजारी. मी मागं इन्व्हर्टर धरून बसलेली, आणि डोक्यात संशयच संशय… दारातून परत फिरले तर? तिच्या सासरच्यांसमोर जातीवरून काही बोलले तर? त्या घरात पाणीच नाही घेतलं तर?

तिच्या गल्लीचं वळण आलं. आबांनी शेजारच्या सीटवरून हात लांब केला आणि आमच्या गाडीचा हॉर्न दाबला.

दोन बारके. वैशूताई अनवाणीच पळत बाहेर आली. आबांनी पाणी घेतलं, चहा घेतला, जावयाला इन्व्हर्टर कुठं बसवायचा ते सांगितलं. माफी मागितली नाही. ती मागायला हवी, असं मी येताना गाडीत म्हणाले, आणि त्यांनी मला गप्प केलं नाही.

संशय घ्यायची सवय काही माझी जाणार नाही. पण ही सिस्टीम लिहून जगाला फुकट देणाऱ्या अनोळखी लोकांचे मनापासून आभार… आमच्या कुलूपबंद घरात तुमचं तेवढं एक दार उघडं होतं.

कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी काल मी माझ्या हातानं काढली. वैशूताईला नुसता रस्ता कशाला, आबाही दिसू देत.