साबण लावून निघणाऱ्या पाटल्या

आईच्या मनगटातल्या सोन्याच्या पाटल्या साबण लावल्याशिवाय निघत नसत. घणसोली गावातल्या घरी येईल त्याला ती हे कौतुकानं सांगायची. मला मात्र लाज वाटायची. लग्न होऊन मी नेरूळच्या सोसायटीत आले होते, सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांत मिसळले होते आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं.

तिचे गुडघे दुखायला लागले तसं मी तिला सहा महिने माझ्याकडे आणलं. भात बंद, तांदळाची भाकरी बंद, संध्याकाळी दुधीचं सूप. दर रविवारी वजनकाट्यावर उभी करायचे. एकदा तिच्या साड्यांच्या घडीत भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी सापडली. मी तिच्यादेखत ती कचऱ्यात टाकली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अंगावं मांस आसूं दे गो जरा. आजारपनान त्येच कामाला येतं." मी हसले. पुढे पाटल्या साबणाशिवाय निघाल्या, तेव्हा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

वर्षभरात तिच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. आधी भाकरी उतरेना, मग पेज, मग पाणीही. वाशीच्या डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधी उतरलं?"

"मीच उतरवलं," मी म्हणाले. तेव्हाही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

डॉक्टरांनी समजावलं. पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळून दिवस काढतं. ती सरली की स्नायूंना हात घालतं, आधी दंड-मांड्यांच्या, शेवटी श्वासाच्या. ऑपरेशन सोसायला अंगात साठा हवा, आणि आईकडे तो उरला नव्हता. "तुमचं काही चुकलं नाही, गुडघ्यांसाठी ते बरोबरच होतं," असंही ते म्हणाले. नळीतून अन्न देत आम्ही वजन वाढायची वाट पाहिली. ते वाढलं नाही. ऑपरेशन झालंच नाही.

शेवटच्या दिवसांत पाटल्या आपोआप तिच्या हातातून पांघरुणावर घरंगळायच्या. मी उचलून परत घालायचे. ती नुसती बघायची.

आता त्या माझ्या हातात असतात. मी बारीक, त्यामुळे भांडी घासताना त्या निसटून सिंकमध्ये पडतात. म्हणून हल्ली मी दोन्ही वेळा भात खाते, पोट भरल्यावरही. नवरा म्हणतो, अगं, वजन वाढतंय तुझं.

परवा आंघोळीआधी उजव्या हातातली पाटली निघेना. साबण समोरच होता. मी तो लावला नाही.