पिसांच्या गळाला लागलेला जिताडा

निडी स्टेशनच्या मागं, रूळ ओलांडून डोंगराकडं दहा मिनिटं चाललं की कातकऱ्यांची तीसेक घरांची वाडी लागते. चंदर हिलम तिथला. वय पन्नाशीच्या आसपास. आधारकार्डावर एक वय आहे, त्याची बायको सोनी वेगळंच सांगते, आणि चंदरला दोन्ही पटतात. त्या वाडीच्या शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं, म्हणून ही हकिगत मला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाली. सांगताना तो मध्येच थांबायचा आणि विचारायचा, "गुरुजी, तुमाला काय वाटतं?" मला काय वाटतं ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

चंदरनं सगळी कामं केली. लहानपणी आईबापाबरोबर वीटभट्टी, पुढं भातलावणी, बांधकामावर हजेरी. पण त्याचं खरं अंग खाडीचं. नागोठण्याच्या खाली अंबा नदीत समुद्राचं पाणी चढतं. तिथला प्रत्येक वाक, प्रत्येक तिवराचं बेट त्याला ठाऊक. चिखलात पाय घातला की कुठं रुतायचं आणि कुठं नाही ते त्याच्या तळव्यांना कळायचं. पाण्यावर नुसती नजर टाकून म्हणायचा, "हितं हाय." आणि पाग, म्हणजे त्याचं हातानं फेकायचं जाळं, टाकला की मासा तिथं असायचाच.

आमच्या भागात जिताड्याला नुसतं मासळी म्हणून कोणी बघत नाही. ज्याच्याकडं काम अडलंय त्याच्या घरी जिताडा पोचवायचा, ही पेण-वडखळकडची जुनी रीत. वडखळचे कमळाकर पाटील बांधकामाची खडी-रेती पुरवायचे. त्यांना असा जिताडा वरचेवर लागायचा, आणि तो हटकून चंदरकडूनच यायचा. वीस वर्षांत चंदरनं किती जिताडे त्यांच्या दारात नेऊन ठेवले असतील, गणती नाही. स्वतःच्या घरी मोठा जिताडा त्यानं दोनदाच खाल्ला. एरवी कमळाकरांच्या मागच्या दारी मासा कापला की डोकं तेवढं त्याला मिळायचं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर कमळाकरांचा फोन आला. त्यांचा भाचा आदेश बंगलोरहून आला होता. पेणमध्येच वाढलेला, शिकायला परदेशी गेलेला, आता कुठल्याशा कंपनीत मोठ्या कामावर. त्याला जिताडा पाहिजे, खाडीवर घेऊन जा, असं कमळाकर म्हणाले. चंदरनं नेहमीसारखा पाग खांद्यावर टाकला आणि सकाळी, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या खारबंदिस्तीच्या बांधावर जाऊन थांबला.

आदेश गाडीतून उतरला. पस्तिशीचा, अंगात खिशांचं जाकीट, गळ्यात काळा चष्मा. त्यानं चंदरला दादा म्हणून हात जोडले. मग पागाकडं बघून म्हणाला, हा इथंच बांधावर राहू दे.

इथूनच चंदर गोंधळायला लागला. पाग ठेवून मासा कसा धरायचा?

आदेशनं नळीतून काठीचे चार तुकडे काढले आणि एकात एक बसवले. फिरकीवर पिवळी जाड दोरी होती. तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक तंगूस, आणि तंगुसाच्या टोकाला गळ. पण गळावर ना कोळंबी, ना बोयट माशाचं पिल्लू. कोंबड्याची पांढरी पिसं आणि चमकीचा दोरा, दोऱ्यानंच करकचून बांधलेला. चंदरनं तो हातात घेतला, नाकाशी नेला. वास काहीच नव्हता. पोरांच्या खेळण्यासारखी ही गोष्ट जिताडा तोंडात घेईल, असं या शिकलेल्या माणसाला कोणी सांगितलं असेल, या विचारात तो पडला. पण विचारायचं धाडस झालं नाही.

आदेश गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि दोरी डोक्यावरून मागं-पुढं नाचवू लागला. भात राखणारा गोफण फिरवतो तशी, फक्त दगड सुटतच नव्हता. दोरी लागू नये म्हणून चंदर दोनदा खाली वाकला. तिसऱ्यांदा बांधाच्या पलीकडं जाऊन बसला.

तो दिवस असाच गेला. दुसराही. आदेशला मासा लागला नाही आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही. उलट दुपारी डबा खाताना तो म्हणाला की फार छान दिवस गेला. चंदरनं मान हलवली. दोन दिवस उन्हात उभं राहून रिकाम्या हातानं परत जायचं, आणि छान काय? हा माणूस आजारी तर नाही ना, अशीही शंका त्याला आली. घरी सोनीला त्यानं तसं सांगितलं. ती म्हणाली, मोठ्या लोकांचं असंच असतं, तू तुझी हजेरी बघ.

तिसऱ्या दिवशी मात्र चंदरला राहवेना. आदेश उघड्या पात्रात दोरी टाकत होता आणि मासा तिथं नव्हताच. चंदर उठला, आदेशच्या दंडाला धरून त्याला उघाडीपाशी घेऊन गेला. बांधाला पाणी सोडायची झडप असते तिला आम्ही उघाडी म्हणतो. सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, शेतातलं पाणी तिच्यातून खाडीत पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी बोयटं येतात, आणि जिताडा सावलीत धारेकडं तोंड करून नुसता उभा राहतो. हे सगळं चंदरनं दोन वाक्यांत सांगितलं आणि बोट दाखवलं. "थितं टाका. दगडाला चिकटून."

पिसं धारेत पडली, वाहत खाली आली, आणि पाणी फुटल्यासारखा आवाज झाला.

पाऊण तास ते चाललं. मासा तिवरात शिरायला बघायचा, आदेश काठी वाकवून त्याला बाहेर ओढायचा, फिरकी किंचाळायची. चंदर छातीभर पाण्यात उतरला आणि तिवराच्या बाजूला आडवा उभा राहिला, हातांनी पाणी आपटत. मासा थकून आडवा झाला तेव्हा त्यानंच तो कवेत घेतला. चंदरच्या कमरेपर्यंत येईल एवढा लांब, डोळे तांबूस, खवले रुपयाएवढे. असा जिताडा त्यानं आठ-दहा वर्षांत बघितला नव्हता. तो मासा घेऊन बांधाकडं वळला.

"चंदरदादा, पाण्याबाहेर नका नेऊ," आदेश म्हणाला.

चंदरला वाटलं, फोटो काढायचा असेल. फोटो काढला. मग आदेशनं चिमट्यानं गळ सोडवला, माशाचा खालचा ओठ धरला आणि त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडं केलं. दुसरा हात पोटाखाली. तान्ह्या पोराला अंघोळ घालावी तसा तो कितीतरी वेळ माशाला धरून राहिला. कल्ले उघडझाप करायला लागले. शेपूट हलली. आदेशनं हात काढला आणि मासा गेला.

चंदर बघतच राहिला. हातातून निसटला असंच त्याला आधी वाटलं, म्हणून तो पुढं झेपावला. मग आदेशचा चेहरा बघितला. तो हसत होता, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"सोडायचाच व्हता तर धरला कशाला?" चंदरनं विचारलं.

आदेशनं बांधावर बसून समजावलं. म्हणाला, जिताडा जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो आणि मोठा झाला की त्याची मादी होते. एवढा मोठा जिताडा म्हणजे मादीच, पावसाळ्याच्या तोंडाला लाखोंनी अंडी घालणारी. तिला मारली तर खाडीत पुढं काय राहणार?

चंदरनं ऐकून घेतलं. नराची मादी होते, हे ऐकल्यावर मात्र त्याची खात्रीच पटली की हा माणूस आपली गंमत करतोय.

घरी सोनीनं विश्वास ठेवला नाही. एवढा जिताडा धरला आणि सोडला, असं कोण करतं? कमळाकरशेठच्या घरी दिलास आणि डोकंही आणलं नाहीस, असं म्हणून ती रुसली. तिकडं कमळाकरांचाही फोन आला. भाच्यानं त्यांना फोटो दाखवला होता, आणि मासा कुठं गेला हे त्यांना चंदरकडूनच ऐकायचं होतं. चंदरनं खरं ते सांगितलं. कमळाकरांनी फोन ठेवून दिला. पुढचे दोन महिने कमळाकरांनी त्याला बोलावलं नाही. आपलं चुकलं काय, हे चंदरला कळेना.

एके दिवशी सोनी अंगणात बारीक मासळी साफ करत होती. चंदर समोर बसून बघत होता. अचानक त्यानं विचारलं, "सोने, हातभर जिताड्यात तू कंदी गाबोळी बघितलीस गो?"

सोनीचा विळीवरचा हात थांबला. कमळाकरांच्या मागच्या दारी बहुतेक जिताडे तिनंच कापले होते. गाबोळी म्हणजे पोटातली अंडी; ती कुठल्या माशात निघाली होती, ते तिनं आठवून बघितलं.

"नाय," ती म्हणाली. "मोठ्यातच असते."

"येकदा तरी?"

"नाय रे. कंदीच नाय."

आयुष्यभर हातातून गेलेली गोष्ट, आणि बारक्यांमध्ये माद्या कशा नाहीत हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नव्हता. चंदर मला म्हणाला, त्या दिवसापासून डोक्यात भुंगा शिरला.

जानेवारीत तो एकटाच खाडीवर गेला होता. घरात भाकरीबरोबर कोरड्यास काही नव्हतं. उघाडीच्या खालच्या अंगाला पाग टाकला आणि दोन हातांनी ओढवेना. आदेशच्या माशाएवढा नाही, पण मोठाच जिताडा. चंदरनं तो पागातून काढला आणि पुढ्यात ठेवून चिखलात गुडघे टेकून बसला. घरी न्यावा की सोडावा? सोडला तर सोनीला काय सांगायचं? नेला तर आदेश थोडाच बघतोय? पण मग आपण विचार का करतोय? तो नुसताच बसून राहिला. किती वेळ ते त्यालाही कळलं नाही.

शेवटी त्यानं सोडायचं ठरवलं. पाण्यात उतरला, ओठ धरला, तोंड धारेकडं केलं, आदेशनं केलं होतं अगदी तसं. पण मासा हालेना. कल्ले उघडे ते उघडेच राहिले. हात काढला तर तो आडवा होऊन तरंगायला लागला.

चंदर म्हणतो, आजवर हजारो मासे मारले, पण मासा मेला म्हणून पहिल्यांदाच रडू आलं. त्याचीच लाज वाटली. जिताडा त्यानं घरी नेला. सोनीनं चिंचेचा कोळ घालून कालवण केलं, शेजारच्या दोन घरी दिलं. पोटात गाबोळी अजून धरली नव्हती. मासा गोड होता. चंदर दोनदा वाढून जेवला, आणि जेवतानाही त्याला आपलं काय चाललंय ते समजत नव्हतं.

मार्चमध्ये आदेशचा फोन आला. त्याच्यासारखेच दोघं पुण्याहून येणार होते, वाट दाखवायला चंदरच हवा होता. चंदर हो म्हणाला, पण एक सांगून ठेवलं. तुम्ही तुमचे मासे सोडा. मी बरोबर माझा पाग आणीन आणि घरापुरता एखादा बारका धरीन, त्याला कोणी नाही म्हणायचं नाही. आदेश लगेच कबूल झाला.

त्या फेरीत पहिल्या दिवशी कोणालाच काही लागलं नाही. पुण्याचे दोघं लांब वाकापर्यंत गेले होते. चंदर आणि आदेश बांधावर भाकरी खात बसले होते. चंदरनं जानेवारीतला जिताडा आदेशला सांगितला, मेल्याचंही सांगितलं. आदेशनं रागवावं असं त्याला वाटत होतं. तो रागावला नाही. म्हणाला, त्याच्याही हातून असे कितीतरी मेले आहेत.

चंदर म्हणाला, "येक इचारू? अंड्यांचं समजलं. पण अंड्यांसाठी सोडायचं तर घरीच बसा ना. गळ तोंडात घुसवायचा, दमवायचा, मंग सोडायचा. तुमाला ह्याच्यात गावतं काय?"

आदेश म्हणाला, "खरं सांगू, दादा? मला नाही माहीत. बारा वर्षं झाली करतोय."

चंदरनं त्याच्याकडं निरखून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. चंदरनं सोनीनं दिलेली उरलेली अर्धी भाकरी मोडली, त्यावर सुकटीची चटणी घातली आणि त्याच्या हातावर ठेवली. दोघं खात राहिले. समोर पाणी वळलं होतं, भरती सुरू झाली होती. पाणी चढलं की वाकापर्यंत गेलेल्या दोघांना परतीची वाट सापडणार नाही, हे चंदरच्या लक्षात आलं. तो उठला आणि त्यांना हाका मारत चिखलातून निघाला.