खोक्यावरचा वेग

अण्णांविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही, क्षमा असावी. सप्तापुरात अण्णांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. कुणाचाही लॅपटॉप हातात घेण्याआधी ते हात धुऊन पुसायचे.

त्यांच्याकडून घेतलेला वायफाय अडॅप्टर खोक्यावर लिहिलेल्याच्या निम्म्या वेगानेही चालेना. "अण्णांनी नकली माल दिला," असं मी कॉलेजच्या सगळ्या पोरांना सांगितलं.

ते कानावर जाताच अण्णा स्वतःचा नवा राउटर घेऊन खोलीवर आले. तो लावताच वेग वाढला.

"तुझा राउटर जुना आहे, तम्मा," कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणत त्यांनी समजावलं. "तो देईल तेवढाच वेग हा अडॅप्टर घेणार. खोक्यावर लिहितात तो जास्तीत जास्त वेग."

मी माफी मागितली.

"असू दे. पण पोरांना तेवढं सांग हं."

लाजेने मी सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात कळलं, पोरं येईनाशी झाली म्हणून अण्णांनी दुकान बंद केलं.